वाचनालयाच्या ॲपसाठी व्हर्च्युअल मशीन उभारताना

आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाची पुस्तके, सभासद आणि रोजची देवघेव यांची नोंद ठेवणारे एक वेब ॲप काही वर्षांपासून भाड्याच्या सर्व्हरवर चालते. ते ज्या तरुणाने लिहिले तो नोकरीसाठी परगावी गेला आणि ॲपची देखभाल माझ्याकडे आली. कोड, सर्व्हरचा पासवर्ड आणि चार-पाच सूचना त्याने मला समजावून दिल्या. त्यांतली शेवटची अशी होती : "ताई, बदल थेट सर्व्हरवरच करा. लॅपटॉपवर ते पूर्ण चालत नाही." वर्षभर मी तसेच करत राहिले. मग एका शनिवारी संध्याकाळी, काउंटरवर पुस्तके बदलायला आलेल्या सभासदांची रांग असताना, वर्गणीच्या पावतीत मी केलेला एक बदल चुकला आणि संपूर्ण ॲप बंद पडले. ते पुन्हा सुरू व्हायला पंचवीस मिनिटे लागली. तेवढा वेळ ग्रंथपाल सरांनी जुन्या वहीत हाताने नोंदी केल्या, कोणालाही परत पाठवले नाही आणि मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्या रात्री मी ठरवले की यापुढे चालत्या सर्व्हरवर काम करायचे नाही. सर्व्हरची हुबेहूब प्रत व्हर्च्युअल मशीन म्हणून, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारा दुसरा संगणक म्हणून, उभी करायची आणि सगळे प्रयोग तिच्यावर करायचे. पुढचे तीन आठवडे, रोज रात्री जेवणानंतरचे दोन तास, मी या कामाला दिले.

लॅपटॉपवर ॲप का चालत नव्हते, हे आधी सांगायला हवे. ॲप पायथन भाषेतल्या जँगो या वेब ॲपच्या सांगाड्यावर लिहिलेले आहे, माहिती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये राहते, पुढे ब्राउझरला पाने पुरवणारा एनजिन्क्स हा वेब सर्व्हर असतो, आणि पावत्या, ग्रंथयाद्या व थकबाकीच्या याद्या यांच्या पीडीएफ वीझीप्रिंट हे साधन तयार करते. माझा लॅपटॉप विंडोज १० चा, आठ जीबी मेमरीचा. जँगो आणि पोस्टग्रेस विंडोजवर सहज बसतात. सगळे अडते ते वीझीप्रिंटपाशी. देवनागरी मजकूर संगणकात उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो, म्हणजे ‘कि’ मध्ये आधी क आणि नंतर वेलांटी, ‘ग्रं’ मध्ये ग, हलन्ताची खूण, र आणि अनुस्वार. वेलांटी अक्षराच्या आधी नेऊन मांडणे आणि ग व र यांचे जोडाक्षर करणे हे काम मजकूर कागदावर उतरण्यापूर्वी कोणीतरी करावे लागते. वीझीप्रिंट ते पँगो या लायब्ररीवर (म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायच्या तयार कोडवर) सोपवते आणि पँगो ते हार्फबझ या दुसऱ्या लायब्ररीकडून करून घेते. लिनक्सवर, म्हणजे आमच्या सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टमवर, या लायब्रऱ्या एका आज्ञेत मिळतात. विंडोजवर त्या वेगळ्या आणून बसवाव्या लागतात आणि माझ्या लॅपटॉपवर तीन वेगवेगळ्या रीतींनी बसवूनही ‘जीऑब्जेक्ट ही लायब्ररी लोड करता येत नाही’ एवढाच निरोप येत राहिला. जोडाक्षरे न जुळवणाऱ्या दुसऱ्या साधनाने काढलेली एक जुनी यादी वाचनालयाच्या कपाटात आहे. तिच्या मथळ्यात ‘ग्रंथालय’ या शब्दातला ग पाय मोडलेला आणि र त्याच्यापासून सुटा उभा आहे. ज्या वास्तूत मराठी पुस्तके जपली जातात तिथल्या कागदावर मराठी अशी मोडलेली दिसावी, हे मला पटणे शक्य नव्हते. म्हणून वीझीप्रिंट सोडायचे नाही, आणि ते जिथे नीट चालते ते लिनक्सच लॅपटॉपमध्ये आणायचे, असे ठरले.

प्रत्येक सेवा वेगळ्या बंदिस्त डब्यात चालवणारा डॉकर का नाही, हा प्रश्न मला दोघांनी विचारला. विंडोजवर डॉकर स्वतःच एका लहानशा व्हर्च्युअल मशीनच्या आत चालतो, त्यामुळे मशीन टळत नाही, फक्त नजरेआड होते. शिवाय आमचा सर्व्हर म्हणजे उबंटू २२.०४ या लिनक्सचे एक साधे मशीन आहे : त्यावर पोस्टग्रेस, एनजिन्क्स आणि जँगो चालवणारा गनिकॉर्न या सेवा सिस्टमडी या लिनक्सच्या व्यवस्थापकाच्या देखरेखीखाली शेजारी शेजारी चालतात. मला तोच संसार, त्याच मांडणीत, घरी हवा होता. प्रत्येक सेवेला वेगळे बिऱ्हाड करून दिले असते तर घरी चाललेली गोष्ट सर्व्हरवर चालेलच याची खात्री राहिली नसती. म्हणून व्हर्च्युअल मशीन चालवणारा व्हर्च्युअलबॉक्स आणि त्याला हाकणारा व्हेग्रंट ही जुनी जोडी मी निवडली. व्हेग्रंट २०१० मध्ये मिचेल हाशिमोतो यांनी पहिल्यांदा प्रसिद्ध केला आणि त्याची मूळ कल्पना आजही तीच आहे : मशीन कसे असावे ते ‘व्हेग्रंटफाइल’ नावाच्या एका फाइलमध्ये लिहायचे, ती फाइल कोडसोबत गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवायची, आणि ‘व्हेग्रंट अप’ एवढे म्हटले की त्या वर्णनाबरहुकूम मशीन उभे राहावे. मुळाशी जी तयार प्रतिमा असते तिला ‘बॉक्स’ म्हणतात. उबंटूचे अधिकृत बॉक्स २४.०४ पासून निघणे थांबले आहे, म्हणून मी बेंटो प्रकल्पाचा २२.०४ चा बॉक्स घेतला. व्हर्च्युअलबॉक्सची ‘गेस्ट ॲडिशन्स’ ही मशीनच्या आत लागणारी जोडसाधने त्यात आधीच बसवलेली असतात, ही मोठी सोय आहे.

पहिल्या रात्री मशीन सुरूच झाले नाही. प्रोसेसरमधली, व्हर्च्युअल मशीनसाठी लागणारी व्हीटी-एक्स ही सुविधा बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगांत) बंद आहे, असा स्पष्ट संदेश आला. लॅपटॉप पुन्हा सुरू करून, एफ-टेन दाबून बायोसमध्ये जाऊन ती चालू केली. पाच मिनिटांचे काम होते.

दुसरी अडचण मात्र चार रात्री पुरली, कारण तिने कोणताही संदेश दिला नाही. मशीन सुरू होत होते, पण इतके हळू की पॅकेजे बसवण्यातच पाऊण तास जाई, आणि जँगोचे साधे पान उघडायला आठ-दहा सेकंद लागत. मेमरी कमी पडत असेल म्हणून मी ती एक जीबीवरून दोन केली, नंतर तीन केली. त्याने मशीन तसेच राहिले आणि लॅपटॉप मात्र धापा टाकू लागला. व्हेग्रंट मशीनला खिडकीविना पडद्याआड चालवतो, त्यामुळे काही दिसतही नव्हते. शेवटी मी व्हर्च्युअलबॉक्स उघडून मशीनची खिडकी समोर आणली, आणि तिच्या तळपट्टीवर उजवीकडे, डिस्क व नेटवर्कच्या चिन्हांच्या ओळीत, एक लहानसे हिरवे कासव दिसले. त्या कासवाचा अर्थ असा की व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरची सुविधा थेट मिळालेली नाही; हायपर-व्ही या विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन व्यवस्थेने ती आधीच ताब्यात घेतली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स हायपर-व्हीमार्फत, आडमार्गाने चालतो आहे. मशीनच्या लॉग फाइलमध्येही तेच लिहिलेले सापडले : व्हीटी-एक्स उपलब्ध नाही, म्हणून एनईएमचा (त्याच आडमार्गाचा) आधार घेत आहे. मी हायपर-व्ही कधीच चालू केले नव्हते. पण विंडोजच्या सुरक्षेतील ‘मेमरी इंटेग्रिटी’ चालू असली तरी हायपर-व्ही पाठीमागे जागे होते, आणि ती माझ्याकडे चालू होती. ‘व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म’ हे विंडोजचे अंगही कधीतरी बसवले गेले होते. दोन्ही बंद करून लॅपटॉप पुन्हा सुरू केला तेव्हा कासवाच्या जागी नेहमीचे चिन्ह आले आणि पाऊण तासाचे काम बारा मिनिटांवर आले. मेमरी इंटेग्रिटी बंद केल्याने विंडोजचे एक संरक्षण कमी होते, हे मी जाणून आहे. या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होत नाहीत म्हणून मी तो निर्णय घेतला. ज्यांच्या लॅपटॉपवर ते होतात त्यांनी तो सरसकट घेऊ नये असे मला वाटते.

मेमरी पुन्हा दोन जीबी केली, प्रोसेसरचे दोन गाभे दिले आणि मशीनला १९२.१६८.५६.१० हा खासगी पत्ता दिला. जुन्या मार्गदर्शक लेखांत १९२.१६८.३३.१० हा पत्ता सर्रास दिसतो, पण व्हर्च्युअलबॉक्स ६.१.२८ पासून लिनक्स व मॅकवर, तिसरा आकडा ५६ ते ६३ या पट्ट्याबाहेरचा असलेला पत्ता वेगळी परवानगी लिहिल्याशिवाय चालत नाही, आणि पुढे कोणी लिनक्सवरून या कामात आले तर त्याचे अडू नये म्हणून मी आधीच सावध राहिले. जँगोला हा नवा पत्ता परवानगीच्या यादीत लिहून द्यावा लागला. आता मशीनमध्ये काय काय बसवायचे ते सांगणारी शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, लिहायची होती, आणि खरे काम तिथून सुरू झाले.

सर्व्हरवर काय काय बसवले आहे याची यादी कोणाकडेही नव्हती. कोडमध्ये पायथनच्या पॅकेजांची यादी होती, तेवढीच. उबंटूवर पॅकेजे बसवणाऱ्या एपीटीला विचारले तर हाताने मागून बसवलेल्या पॅकेजांची नावे तो सांगतो. ती यादी मी सर्व्हरवरून घेतली, तशीच कोऱ्या मशीनवरून घेतली आणि दोन्ही शेजारी लावून फरक पाहिला. तीसेक नावे वेगळी निघाली. पोस्टग्रेस, एनजिन्क्स, पँगो ही अपेक्षित होती; काही नावे कोणीतरी कधीतरी पाहण्यासाठी बसवलेली दिसत होती; आणि मध्येच ‘फाँट्स-नोटो-कोअर’ हे नाव होते, ज्याचा उल्लेख कोडमध्ये कुठेही नव्हता. मी ते मुद्दाम बाजूला ठेवून मशीन उभे केले आणि पहिली पावती काढली. मराठीच्या प्रत्येक अक्षराच्या जागी रिकामा चौकोन आला. आकडे तेवढे वाचता येत होते. या चौकोनांना फाँटच्या व्यवसायात ‘टोफू’ म्हणतात आणि ते दिसू नयेत या उद्देशातूनच ‘नोटो’ हे नाव आले आहे. पॅकेज स्क्रिप्टमध्ये लिहिले आणि चौकोनांच्या जागी अक्षरे आली. सर्व्हरवर कोणीतरी एका दुपारी हाताने दिलेली एक आज्ञा इतका काळ वाचनालयाची प्रत्येक पावती वाचनीय ठेवत होती, आणि तो सर्व्हर उद्या बंद पडला असता तर नव्या सर्व्हरवर चौकोनांचे कारण शोधत कोणीतरी बसले असते. त्या रात्रीपासून या कामाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. प्रयोगासाठी जागा हवी म्हणून मी सुरुवात केली होती. आता सर्व्हरच्या पोटात दडलेली, कुठेही न लिहिलेली प्रत्येक गोष्ट बाहेर काढून स्क्रिप्टमध्ये लिहिणे हेच काम झाले.

स्क्रिप्ट लिहिताना दोन नियम मी स्वतःला घालून घेतले. पहिला, कोणतीही आज्ञा फसली तर स्क्रिप्ट तिथेच थांबली पाहिजे. नाहीतर फसलेली आज्ञा शंभर ओळींत हरवते आणि तिचे परिणाम तिसऱ्याच ठिकाणी दिसतात. दुसरा, स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली तरी काही बिघडू नये. पोस्टग्रेसमध्ये वापरकर्ता तयार करण्याची आज्ञा दुसऱ्या वेळी ‘हे नाव आधीपासून आहे’ म्हणून फसते, म्हणून आधी विचारून मग तयार करायचे. इथे एक गोष्ट नवख्याला हमखास चकवते : व्हेग्रंट ही स्क्रिप्ट फक्त पहिल्या ‘अप’च्या वेळी चालवतो. त्यानंतर स्क्रिप्ट कितीही बदलली आणि मशीन कितीदाही सुरू केले तरी ती चालत नाही. ‘व्हेग्रंट प्रोव्हिजन’ असे वेगळे सांगावे लागते.

कोडचे फोल्डर विंडोजवरच राहते आणि व्हर्च्युअलबॉक्स ते मशीनच्या आत दाखवतो, ही या व्यवस्थेतली सर्वांत सोयीची आणि सर्वांत फसवी गोष्ट आहे. गनिकॉर्न सुरू करणारी एक छोटी स्क्रिप्ट कोडमध्ये होती. ती मशीनमध्ये चालेना. ‘असा इंटरप्रिटर नाही’ असे म्हणे, आणि इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्राम, तर डोळ्यांसमोर होता. कॅट आज्ञेला सगळी अदृश्य चिन्हे दाखवायला सांगितल्यावर प्रत्येक ओळीच्या शेवटी, ओळ संपल्याची खूण असलेल्या डॉलरच्या आधी, टोपी घातलेला एम उभा दिसला. विंडोजवरच्या गिटने कोड उतरवून घेताना ओळींचे शेवट विंडोजच्या पद्धतीचे केले होते आणि लिनक्स तो जादाचा एम इंटरप्रिटरच्या नावाचाच भाग समजत होता. शेल स्क्रिप्टचे शेवट नेहमी लिनक्सच्या पद्धतीचेच ठेवावेत, ही एक ओळ गिटच्या ॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये लिहिल्यावर प्रश्न कायमचा मिटला. पायथनचे आभासी वातावरणही (ॲपची पॅकेजे वेगळी ठेवण्याची जागा) या फोल्डरमध्ये तयार होईना, कारण त्यासाठी लागणारे सिम्बॉलिक दुवे विंडोजच्या फोल्डरवर बनत नाहीत; ते मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर, होम फोल्डरमध्ये हलवले.

त्यानंतरचा दोष असा होता की त्याचे वर्णन मी दुसऱ्या कोणाकडून ऐकले असते तर माझा विश्वास बसला नसता. यादीच्या पानाचे रूप ठरवणारी सीएसएस फाइल मी बदलली, ब्राउझर ताजा केला, तर पान जुनेच. ब्राउझरचा साठा पुसला, तरी जुनेच. मशीनमध्ये जाऊन फाइल वाचली तर तीत नवा बदल होता. तीच फाइल एनजिन्क्सकडून कर्ल या आज्ञेने मागवली तर जुना मजकूर आला. मी फाइलमध्ये आणखी दहा ओळी घातल्या आणि पुन्हा मागवली. या वेळी मजकूर जुनाच, पण शेवटी अर्थहीन चिन्हांची एक शेपटी लागलेली. म्हणजे एनजिन्क्सला फाइलची नवी लांबी कळत होती आणि आतला मजकूर मात्र जुना मिळत होता. कारण असे निघाले की फाइल पटकन पाठवण्यासाठी एनजिन्क्स ‘सेंडफाइल’ ही सोय वापरतो, ती लिनक्सच्या गाभ्याने जपून ठेवलेली प्रत थेट पाठवते, आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या सामायिक फोल्डरमध्ये विंडोजच्या बाजूने झालेला बदल त्या प्रतीपर्यंत पोहोचत नाही. एनजिन्क्सच्या मांडणीत ‘सेंडफाइल ऑफ’ असे दोन शब्द लिहिले की दोष जातो. सर्व्हरवर मात्र सेंडफाइल चालूच हवी, तिथे सामायिक फोल्डर नाही. म्हणून ती ओळ घरच्या मशीनपुरत्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवली आणि तिच्यावर ती का आहे हे चार ओळींत मराठीत लिहून ठेवले. दोन मशीनांमध्ये जाणूनबुजून ठेवलेला एवढा एकच फरक आहे.

खरा सभासदांचा डेटा मी घरी आणला नाही. सर्व्हरवरून सगळा डेटाबेस उतरवून घेणे ही एका आज्ञेची गोष्ट होती, आणि तसे केले असते तर दोन रात्री वाचल्या असत्या. परंतु सभासदांनी आपला पत्ता, फोन नंबर आणि आपण काय वाचतो हे वाचनालयाला सांगितले आहे, माझ्या लॅपटॉपला नाही. कोण कोणते पुस्तक घरी नेते ही फार खासगी गोष्ट आहे असे मी मानते. त्यामुळे पुस्तकांची आणि लेखकांची कोष्टके तेवढी आणली आणि दोनशे काल्पनिक सभासद तयार करणारी एक छोटी आज्ञा जँगोमध्ये लिहिली. त्या नावांत मुद्दाम काळे, काशीकर, क्षीरसागर, हर्डीकर, ज्ञानमोठे अशी आडनावे घातली, कारण मराठी वर्णक्रमाची परीक्षा अशाच आडनावांवर होते.

ती परीक्षा पहिल्याच यादीत चुकली. सर्व्हरवर सभासदांची यादी बरोबर क्रमाने येते. माझ्या मशीनमध्ये काळे हे काशीकरांच्या आधी आले, क्षीरसागर क च्या गटाच्या शेवटी बसले आणि ॲ ने सुरू होणारे एक पुस्तक यादीत सगळ्यात खाली, ह च्याही नंतर गेले. हा युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या, क्रमांकांचा क्रम होता. त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, क्ष ला स्वतंत्र जागा नाही कारण तो क आणि ष यांचा जोड आहे, आणि ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आल्यामुळे त्याला ह च्या पलीकडची मोकळी जागा मिळाली. आपल्या वर्णमालेत मात्र ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. सर्व्हरवर हे कसे जमले होते ते पाहण्यासाठी मी तिथल्या कोष्टकांची रचना ओळीने वाचली, तेव्हा आडनाव, लेखक आणि शीर्षक या तीन रकान्यांपुढे आयसीयू या लायब्ररीतल्या मराठी वर्णक्रमाचे नाव लिहिलेले दिसले. त्या तरुणाने कधीतरी पोस्टग्रेसमध्ये शिरून हे रकाने हाताने बदलले होते. काम अगदी बरोबर होते, मराठीची त्याला किती काळजी होती हे त्यात दिसत होते, पण डेटाबेसच्या रचनेतले बदल नोंदवणाऱ्या जँगोच्या स्थलांतर-फाइलींत त्याचा मागमूस नव्हता. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "हो ताई, सर म्हणाले होते की काळे चुकीच्या जागी येतात, म्हणून एका रात्रीत केलं होतं. नंतर विसरूनच गेलो." जँगो ३.२ पासून रकान्याचा वर्णक्रम मॉडेलमध्येच, म्हणजे कोडमधल्या कोष्टकाच्या वर्णनातच, लिहिता येतो; तिन्ही रकान्यांसाठी तो लिहिला, स्थलांतर तयार केले आणि चालवले. काळे हे कासारांच्या नंतर गेले, क्षीरसागर हर्डीकरांच्या खाली आले, ॲ स्वरांत जाऊन बसला.

वेळेच्या बाबतीतही तसेच निघाले : सर्व्हरवर भारतीय वेळ हाताने लावलेली होती, माझे मशीन युटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर होते, आणि रात्री बारानंतर विलंबशुल्क मोजणारे काम पहाटे साडेपाचला चालत होते. एक ओळ स्क्रिप्टमध्ये वाढली.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मशीन व्यवस्थित चालू लागले, आणि तेव्हाच ते नष्ट करणे भाग होते. तीन आठवड्यांत मीही मशीनच्या आत जाऊन कित्येक आज्ञा हाताने दिल्या होत्या, आणि त्यांतल्या किती स्क्रिप्टमध्ये उतरल्या हे मशीन पुसून पुन्हा उभे केल्याशिवाय कळणार नव्हते. ‘व्हेग्रंट डिस्ट्रॉय’ लिहिल्यावर तो खात्री करून घेण्यासाठी विचारतो. होकाराचे अक्षर दाबण्यापूर्वी मी आधी गिटमध्ये सगळे गेले आहे ना हे दोनदा पाहिले. पहिल्या वेळी स्क्रिप्ट दोन ठिकाणी थांबली : मुखपृष्ठांची चित्रे ठेवण्याचे फोल्डर मी हाताने तयार केले होते, आणि एनजिन्क्सचे मूळचे स्वागताचे पान हाताने काढले होते. दुसऱ्या वेळी ती शेवटपर्यंत गेली, पण पावतीवरचा वाचनालयाचा शिक्का आला नाही; ती चित्राची फाइल गिटने दुर्लक्ष करायच्या यादीत होती. तिसऱ्या वेळी बारा मिनिटांत सगळे उभे राहिले आणि मी मशीनमध्ये एकही आज्ञा न देता ब्राउझरमध्ये ॲप उघडले, यादीची पीडीएफ काढली आणि छापली.

दुसऱ्या दिवशी ती अकरा पानांची लेखकवार ग्रंथयादी मी ग्रंथपाल सरांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून पेन्सिलीने प्रत्येक पान वाचले. वर्णक्रमाला ते काही बोलले नाहीत, म्हणजे तो बरोबर होता. चौथ्या पानावर ते थांबले आणि म्हणाले, "ताई, हे कुऱ्हाडे दोनदा का आले? लेखक एकच आहेत." एकाखाली एक दोन मथळे होते, दोन्ही डोळ्यांना तंतोतंत सारखे, आणि त्यांची पुस्तके दोन गटांत विभागलेली. घरी येऊन दोन्ही नावांतली चिन्हे वेगळी करून पाहिली. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर व हलन्ताची खूण होती. दुसऱ्यात साधा र, हलन्ताची खूण आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. वेगवेगळ्या कीबोर्डांवरून टंकलेली ही नावे कागदावर एकच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन नावे वाटतात. सर्व्हरवरही हा दोष इतकी वर्षे होता, आणि वाचकाने एका पद्धतीने शोधले तर त्याला अर्धीच पुस्तके सापडत होती.

सगळी नावे एकाच पद्धतीत आणणारे स्थलांतर मी त्या रात्री लिहिले. पहिल्या प्रयत्नात त्याने अदृश्य जोडचिन्हे सरसकट काढून टाकली आणि तीन शीर्षकांतली जोडाक्षरे बिघडली. मशीन नष्ट करून पुन्हा उभे केले, नियम फक्त र पुरता मर्यादित केला आणि परत चालवले. या वेळी एकेचाळीस नोंदी बदलल्या. त्या एकेचाळीसही ओळी मी छापून घेतल्या आणि सरांकडून तपासून घेतल्या. सोमवारी वाचनालयाला सुट्टी असते. त्या सकाळी सर्व्हरच्या डेटाबेसची प्रत काढून ठेवली, स्थलांतर तिथे चालवले, आणि चौथ्या पानावर कुऱ्हाडे एकदाच आले.